क्रिस्टल लँग्वेज: आठ महिने वापरून झाल्यावर

क्रिस्टल ही प्रोग्रामिंगची भाषा घेतली ती निव्वळ रुबी या जुन्या भाषेसारखी दिसते म्हणून. लॉग फायली चाळणारी माझी एक रुबी स्क्रिप्ट फारच रेंगाळायची, म्हटलं बघू तरी, तर जवळपास तोच कोड चालला, चार ठिकाणी टाइप (म्हणजे ही किंमत आकडा की मजकूर वगैरे) लिहावे लागले आणि एकच बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, हातात आली. स्पीडचं तर सोडाच, मी खरा अडकलो तो निलपायी, म्हणजे 'इथे काहीच नाही' सांगणाऱ्या रिकाम्या किंमतीपायी. रुबीत रात्री-अपरात्री प्रॉडक्शनवर फुटणारी निलची एरर इथे कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) आधीच पकडतो आणि म्हणतो, बाबा रे हे स्ट्रिंग (मजकूर) असेल किंवा निल असेल, आधी तपास. पहिला आठवडा चिडचिड होते, नंतर रुबीत परत गेलं की उघड्यावर झोपल्यासारखं वाटतं.

कंपाइल टाइम मात्र डोक्याला ताप. टाइप शोधायला कंपायलर दरवेळी अख्खा प्रोग्राम बघतो, त्यामुळे कोड वाढला की एक ओळ बदलून वाट बघत बसा.

आता भविष्याचं, कारण सगळे तेच विचारतात. भाषा मरतेय असं अजिबात नाही. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या मानास कंपनीत सुरू झाली, १.० यायला २०२१ उजाडलं, पण त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी रिलीज येतंय आणि मी दोनदा अपग्रेड केलं तरी काही मोडलं नाही. ८४कोड्ससारख्या कंपन्या स्पॉन्सर आहेत, त्यांचं लॅव्हिनएमक्यू हे प्रोग्राम्समध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर क्रिस्टलमध्येच लिहिलंय, म्हणजे त्यांनाही ती जगायला हवीच आहे.

माझी धास्ती लायब्ऱ्यांची आहे. शार्ड्सला, म्हणजे क्रिस्टलच्या लायब्ऱ्यांना, मध्यवर्ती रजिस्ट्री नाही, पॅकेज थेट कुणाच्यातरी गिट रेपोमधून (कोड ठेवायच्या जागेतून) येतं आणि तो कुणीतरी बऱ्याचदा एकटाच असतो. मी वापरत होतो त्या एका शार्डचा लेखक गप्प झाला, माझा पुल रिक्वेस्ट (मी पाठवलेला बदल) तीन महिने तसाच पडून, शेवटी फोर्क मारला, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढली, आणि आता ते लेकरू मीच सांभाळतोय. नशीब एचटीटीपी सर्व्हर, जेसन वगैरे स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, नाहीतर केव्हाच पळालो असतो.

त्यामुळे हल्ली शार्ड घेताना किती लोकांनी स्टार (पसंती) दिलेत ते बघत नाही, सोर्स उघडून वाचतो. दीड-दोन हजार ओळींच्या वर असेल आणि लेखक एकटा असेल तर नको. कमांड लाइनची टूल्स, छोटे सर्व्हर यांना क्रिस्टल बिनधास्त वापरा. टीमचा मोठा प्रोजेक्ट मी अजून रुबीतच ठेवलाय, तिथे माझ्याशिवाय क्रिस्टल वाचणारा कुणी नाही.