सायलेन्सरवरचा पोचा कुठे गेला?

माझे 25,300 रुपये गेले, वडिलांच्या येझदी मोटारसायकलचे दोन्ही मूळ सायलेन्सर गेले आणि पेट्रोलची टाकी कायमची निकामी झाली. हे लिहिताना लाज वाटते, कारण गेली सव्वीस वर्षे मी लोकांचे जमाखर्च तपासण्याचे काम करतो आणि दुसऱ्याच्या वहीतली दहा रुपयांची तफावतही माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. तरीही लिहितो आहे, कारण जुन्या गाड्यांच्या भागांवरचा गंज काढून क्रोम करून देतो असे सांगणारा तो इसम अजूनही सोलापुरात राजरोस धंदा करतो आणि त्याच्या शेडपुढे आजही कुणाची ना कुणाची राजदूत, येझदी किंवा चेतक उभी दिसते. त्याचे नाव लिहिण्यास वकिलांनी मनाई केली आहे. त्याची रीत मात्र लिहितो.

गाडी 1986 सालची, येझदीचे रोडकिंग मॉडेल. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते आणि त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव चैन. ते गेल्यावर गाडी अंगणातल्या पत्र्याखाली, पाण्याच्या पिंपांशेजारी उभी राहिली. सोलापूरची हवा कोरडी, इथे लोखंड सहसा लवकर गंजत नाही. पण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपे भरलेली असतात, आणि त्या ओलीत आठ-नऊ वर्षांत रिमवरचे क्रोम पोपडे धरून सुटले, हँडलवर लाल बुट्टे उठले आणि टाकीत हात घातला तर बोटांना तपकिरी भुगा लागू लागला. येझदी बनवणाऱ्या मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातले उत्पादन 1996 साली थांबले. येझदी हे नाव 2022 मध्ये बाजारात पुन्हा आले खरे, पण त्या नव्या गाड्यांचे भाग जुनीला बसत नाहीत. त्यामुळे मूळ भागांना मोल आहे. हे मला जितके ठाऊक होते, त्याहून अधिक त्याला ठाऊक होते.

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे काम चाले. बाहेर अ‍ॅसिडच्या निळ्या टाक्या होत्या, बफिंगचे, म्हणजे धातू घासून चकाकी आणण्याचे, चाक फिरत होते आणि भिंतीवर चकाकणारी तीन हँडले टांगलेली होती. (ती हँडले नवी विकत आणून टांगलेली होती, हे मला नंतर कळले.) त्याने मला पहिल्या वाक्यापासून काका म्हटले आणि गाडी वडिलांची आहे हे ऐकल्यावर रिमला हात लावून कपाळाला लावला. दोन्ही सायलेन्सर, दोन्ही रिम, हँडल, क्रॅश गार्ड आणि टाकी, असे सगळे मिळून 18,500 रुपये ठरले. 6 मार्च 2025 रोजी मी 9,000 रुपये मोबाईलवरून आगाऊ दिले. पावती म्हणून त्याने वहीच्या पानावर ‘येझदी सामान, 7 नग’ असे लिहून खाली तारीख टाकली. सही नाही, शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही. सामान देताना त्यावर पंचने खूण करावी, प्रत्येक नगाचा चहूबाजूंनी फोटो काढावा, निदान वजन करून ते पावतीवर लिहून घ्यावे, यांतले मी काहीही केले नाही. सौभाग्यवतींनी नंतर एकच वाक्य ऐकवले, की रद्दी देताना तुम्ही काट्यावरून नजर हलवत नाही. ते वाक्य आमच्या घरात अजून फिरते आहे.

24 मार्चला त्याचा फोन आला, की निकेलचा भाव भडकला आहे, आणखी 4,500 रुपये लागतील. इथे माझे अर्धवट ज्ञान मला नडले. क्रोमचा थर इतका पातळ असतो, की तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी भरतो. गंजापासून खरे संरक्षण त्याखालचे निकेल देते, हे मी वाचले होते. 2022 च्या मार्चमध्ये निकेल असे काही उसळले, की लंडनच्या धातू बाजाराला त्याचे व्यवहार थांबवावे लागले, हेही मला आठवत होते. त्यामुळे त्याचे म्हणणे मला पटले. त्या दिवशीचा भाव पाहायला दोन मिनिटे पुरली असती. मी तेवढीही दिली नाहीत आणि 4,500 रुपये पाठवले. 5 एप्रिलला टाकीच्या आतल्या गंजासाठी वेगळे रसायन लागते म्हणून 2,300 रुपये रोख नेले. रोखच का, हे विचारल्यावर तो हसला आणि मीही हसलो.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, त्याविषयी. 12 एप्रिलच्या संध्याकाळी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर डाव्या सायलेन्सरचा फोटो पाठवला. चंद्रासारखा चकाकत होता. आमच्या डाव्या सायलेन्सरवर मागच्या टोकापासून वीतभर पुढे एक पोचा होता. मी चौथीत असताना होटगी रस्त्यावर एका बैलगाडीला चुकवताना वडील घसरून पडले होते, तेव्हाचा. अंगठा ठेवला तर नेमका बसेल एवढा. लहानपणी मागे बसण्यापूर्वी मी त्यात अंगठा ठेवत असे. फोटोत तो पोचा नव्हता. आणि मी काय केले? मी आनंदलो. ‘वा, पोचासुद्धा काढलात!’ असे मी त्याला लिहिले. त्याने हात जोडल्याचे चित्र पाठवले. बंद नळीच्या सायलेन्सरला आतून ठोकायला जागा नसते, पोचा काढायचा तर पत्रा कापून पुन्हा डाग द्यावा लागतो, आणि असे काम केलेला माणूस त्याचे वेगळे पैसे मागितल्याशिवाय राहत नाही. निकेलचे पैसे मागणारा माणूस पोचा फुकट काढून देतो, यावर मी विश्वास ठेवला. तो संदेश अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि पोलिसांना पुरावा म्हणून तोच दाखवावा लागला, म्हणजे माझ्या मूर्खपणाला आता सरकारी साक्षीदारही आहेत.

26 एप्रिलला पारा 42 च्या आसपास असताना मी रिक्षा घेऊन सामान आणायला गेलो. सगळे नग वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर चिकटपट्टी लावलेली. उघडून पाहतो म्हणालो, तर तो म्हणाला, “काका, क्रोम अजून ओलं आहे, बोटांचे ठसे बसतील, दोन दिवस उघडू नका.” क्रोम हा रंग नव्हे, विजेच्या प्रवाहाने धातूवर चढवलेला तो दुसरा धातू आहे, तो वाळत वगैरे नाही, टाकीतून काढून धुतला की काम संपते. हे मला तेव्हाही माहीत होते. पण ऊन होते, रिक्षावाला घाई करत होता, आणि खरे सांगायचे तर इतके पैसे देऊन झाल्यावर संशय घेण्याची माझी हिंमत उरली नव्हती. उरलेले 9,500 रुपये मी त्याच्या समोर उभा राहून पाठवले. नग उघडून, उन्हात धरून पाहिल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका. ऊन असो, रिक्षा असो, देव आडवा येवो.

आमच्या मेस्त्रींनी सायलेन्सर हातात घेतला आणि न बोलता खाली ठेवला. वजनानेच त्यांना कळले होते. मग त्यांनी टोकातून टॉर्च मारला. आत कोरा करकरीत पत्रा. मी म्हणालो, अ‍ॅसिडने साफ झाला असेल. त्यावर ते म्हणाले, की अ‍ॅसिड गंज खाते, काजळी खात नाही. येझदी टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, तिच्या सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षांचा तेलकट काळा थर बसलेला असतो आणि तो काढायचा तर तापवून जाळावा लागतो किंवा कॉस्टिक सोड्यात भिजत घालावा लागतो. तेवढे करूनही आतला पत्रा असा आरशासारखा कधी होत नाही. म्हणजे मला दिलेली जोडी पातळ पत्र्याची, बाजारू नक्कल होती. रिम मात्र माझेच होते, कारण ते बदलण्याच्या लायकीचेही नव्हते. मेस्त्रींनी चिंधीवर थिनर घेऊन रिमवर घासला तर चिंधी चंदेरी झाली. जुने क्रोम उतरवणे, बफिंग, निकेल, यांतले काही केलेच नव्हते. गंजावर वरवर पॉलिश पेपर फिरवून क्रोमसारखा दिसणारा स्प्रे मारला होता. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्यावर लाल फोड आले. अस्सल क्रोम थिनरने निघत नाही. ही चिंधी आणि थिनर तुम्ही सामान घ्यायला जाताना खिशात न्या. समोरच्याला राग आला तर उत्तर तिथेच मिळाले असे समजा.

टाकीचे दुःख याहून मोठे. आतला गंज काढण्यासाठी त्याने हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतले, ते ओतून टाकले आणि पुढे काहीही केले नाही. अ‍ॅसिडनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी विसळून आम्ल मारावे लागते, लगेच पूर्ण वाळवावी लागते आणि आत ऑइल फिरवावे लागते, नाहीतर उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो आणि सांध्यांत राहिलेले अ‍ॅसिड पत्रा खात बसते. आमच्या टाकीच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढी अकरा भोके पडली आहेत. पेट्रोल भरले असते आणि गाडी सुरू केली असती, तर मी हे लिहायला राहिलो असतो की नाही, कोण जाणे. हे काम 2,300 रुपयांचे.

मी शेडवर गेलो. तो शांतपणे म्हणाला, “काका, हेच सामान तुम्ही दिलं होतं.” आणि मला वहीचे पान आठवले. सात नग. सात नग त्याने परत दिले होतेच.

आता पोलिसांविषयी. ठाण्याचे नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी मला सांगण्यात आले, की ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले, की शेड आमच्या हद्दीत येत नाही. हद्दीतल्या ठाण्यात गेलो, तर तिथे पैसे तुम्ही घरी बसून पाठवलेत, मग गुन्हा तुमच्या घराच्या हद्दीत घडला, असा शोध लागला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, हे मी कागदावर लिहून नेले होते. हवालदाराने कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. 420 लागत नाही, असे तो म्हणाला. 1 जुलै 2024 पासून 420 अस्तित्वातच नाही, फसवणुकीसाठी आता न्याय संहितेचे 318 आहे आणि सोपवलेली वस्तू हडपली तर विश्वासघाताचे 316 आहे, हे मी सांगितल्यावर ‘तुम्हीच तपास करा मग’ असे उत्तर मिळाले. माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाची मोबाईल हरवल्याची नोंद पाच मिनिटांत झाली. मी मात्र सहा फेऱ्या मारल्या, सहाही वेळा लाकडी बाकावर तासन् तास बसलो, आणि शेवटी माझा केवळ अर्ज घेतला गेला, तोही आवक शिक्का मागितल्यावर कुरकुर करत. गुन्हा नोंदवला नाही. वरिष्ठांना स्पीड पोस्टाने तक्रार पाठवली, तिची पोचपावती आली, उत्तर आले नाही. बँकेत गेलो, तर व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, असे सांगून त्यांनी मला एक अर्ज भरायला दिला. चार दिवसांनी तोच अर्ज नव्या नमुन्यात पुन्हा भरायला लावला. माझ्यासारखा कागदांत रमणारा माणूस थकतो, तर दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्याने काय करावे?

ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या भागांच्या खरेदी-विक्रीत मेस्त्रींना एक जाहिरात दिसली. ‘येझदी ओरिजिनल सायलेन्सर जोडी, डाव्याला किरकोळ डेंट, 14,000.’ फोटोत तोच पोचा. माझे हात थरथरत होते. मोबाईल घेऊन सरळ ठाण्यात गेलो. अधिकाऱ्याने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, “या डेंटवर तुमचं नाव लिहिलं आहे का?” मी घरी येऊन त्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा जोडी विकली गेली होती.

ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तेव्हा माझ्यासारखी आणखी कुणाची गत झाली असेल तर घरी कुढत बसू नका. मोबाईलवरून दिलेले 23,000 रुपये दाखवता येतात. रोखीचे 2,300 कुठेच दिसत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

एक किकचा लीव्हर तेवढा वाचला, कारण तो मेस्त्रींकडे पडला होता. (येझदीत किक आणि गियर यांना एकच लीव्हर, हे जाणकारांना माहीत आहे.) तो मी घरीच साफ केला. प्लास्टिकच्या बादलीत दर लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर, लीव्हर ऋण टोकाला आणि धन टोकाला भंगारातली साधी लोखंडी सळई. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ टाकू नका, क्लोरीन वायू निघतो. अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात बुडवू नका. आणि हे अंगणातच करा, कारण निघणारा हायड्रोजन पेट घेतो. रात्रभरात गंजाचा काळा चिखल झाला, तो तार ब्रशने निघाला, आणि खाली वडिलांच्या बुटाने झिजलेली कड जशीच्या तशी दिसली. सोड्याला आणि सळईला मिळून 140 रुपये लागले.

सायलेन्सर जुना, जाड पत्र्याचा, डाव्या बाजूचा. मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर, बाहेरच्या अंगाला, अंगठा बसेल एवढा पोचा. कुठे बसवलेला किंवा विकायला ठेवलेला दिसला, तर कृपया कळवावे. ज्याने तो 14,000 रुपयांना घेतला त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मी त्याला तेवढे पैसे देऊन तो परत घेईन.