भाकरी थापणाऱ्या बाईनं फिटनेस बँड कुठं बांधावा?

बँड दोन हजारांच्या आतला, ऑनलाइन मागवलेला. पट्टा मऊ आहे, पाणी लागलं तरी काही होत नाही, चार्जिंग आठवडाभर पुरतं. हे सगळेच लिहितात, त्यात शिरत नाही. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलंय म्हणून घेतला, तेव्हा पावलांचं तेवढं सांगते.

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. नीटची तयारी करणारी पोरं जेवायला येतात, काहींना हॉस्टेलवर डबे जातात. सकाळी ज्वारीच्या भाकरी. आता गंमत बघा, उजव्या मनगटात बँड बांधून काटवटीपुढं बसलं की जागचं न हलता पावलं पडायला लागतात! ह्याला पाय कुठले दिसायला? आत एक बारीक सेन्सर असतो, त्याला तिन्ही दिशांचे हिसके कळतात, आणि एका लयीत हिसके आले की तो पाऊल धरतो. थापायची लय त्याला चालण्यासारखीच वाटते. शेवटची भाकरी तव्यावर पडेस्तोवर हजारभर पावलं माझ्या नावावर. फुकटची.

आणि खरंच चालते तेव्हा उलटं. दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन निघाले की हात हलत नाहीत, मग बरीच पावलं गळतात. ओट्यापासून फ्रिजपर्यंतची चार पावलं तर तो धरतच नाही, कारण थोडं सलग चालल्याशिवाय मोजायचं नाही अशीच बहुतेक बँडची रचना असते. स्वयंपाकघरात दिवसभर कोण सलग चालतंय?

डाव्या हातात बांधून बघितला. ॲपमध्ये कामाचा हात कुठला ते सांगायची सोय आहे, तीही केली. आकडा कमी फुगला, पण पिशवीचा घोळ तसाच.

मग पोरानं एक क्लिप आणून दिली. मधलं यंत्र पट्ट्यातून काढायचं, क्लिपमध्ये बसवायचं आणि कमरेला खोचायचं. इथं खरा फरक पडला. पाऊल टाकताना अख्खं अंग जरा वर-खाली होतं, ते कमरेला बरोबर कळतं, हातात काय धरलंय त्याच्याशी संबंधच नाही. गंजगोलाईत बाजाराला गेले तेव्हा पाचशे पावलं तोंडानं मोजली. कमरेवर जवळपास तेवढीच आली. (त्या गोलाईला सोळा रस्ते फुटतात, तिथं तोंडानं मोजत चालणं सोपं नाही. दुकानदार हाका मारतात.)

सासूबाईंचं वेगळं. त्या वॉकर धरून सावकाश चालतात. मनगटावर त्यांची पावलं जवळजवळ शून्य, कमरेवरही निम्मी बुडाली. घोट्याला बांधला तेव्हा कुठं आकडा पटायला लागला. संथ चालणाऱ्यांसाठी घोटाच बरा, हे संशोधनातही दिसलेलं आहे.

कमरेला लावायचा तोटा असा की नाडीचे ठोके कळत नाहीत. ठोके मोजायला यंत्राच्या पाठीमागं जो हिरवा उजेड लागतो, तो कातडीला टेकावा लागतो. म्हणून रात्री परत मनगटात.

राहिलं दिवसाला दहा हजार पावलं चालावीत म्हणतात, त्याचं. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर पसरला, आणि ते यंत्र कमरेला लावायचं होतं. २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात दिवसाला साडेसात हजारांच्या आसपास गेल्यावर मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. त्या बायकांनीही यंत्र कमरेलाच लावलं होतं. आता माझ्या मनगटावरचा भाकऱ्यांचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी कसा ठेवायचा? मी तर शेजारणीशीही आकडा लावून बघत नाही, ती मनगटात घालते आणि दिवसभर शिलाई मशीनवर असते.

पाचपैकी साडेतीन. मोजण्यात खोट नाही, पण कुठं बांधायचा ह्याबद्दल डब्यातल्या कागदावर मनगटापलीकडं एक अक्षर नाही, दीड तिथं कापले. घ्यायचा असेल तर मधलं यंत्र पट्ट्यातून सुटं होतं का ते आधी बघा, काहींचा पट्टा घड्याळासारखा दोन्हीकडून जोडलेला असतो. क्लिप वेगळी घ्यावी लागते, आणि ती घट्ट बसणारीच घ्या; साडीच्या निऱ्यांशेजारी सैल क्लिप टिकत नाही.