हॉलिडे क्लबची मेंबरशिप आणि निळ्या पेनाने लिहिलेला तो कागद

३,२०,२९० रुपये. आधी आकडाच सांगून टाकतो. एका हॉलिडे क्लबच्या मेंबरशिपपायी एवढे गेले. गावात हा आकडा अजून कोणाला माहीत नाही. पोरालाही मी दोन लाखच सांगितले होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांमध्ये चौतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावरही लोक पीक विम्याचे, बँकेचे, तलाठ्याचे कागद माझ्याकडे आणतात, "गुरुजी, पाहा बरं यात काय लिवलं हाय." त्या लोकांसमोर कोणत्या तोंडाने सांगू की स्वतःची वेळ आली तेव्हा मी न वाचता सही केली? म्हणून गावात इतकी वर्षं गप्प होतो. आता आमच्याच नात्यातल्या एका मास्तरांना तसाच फोन आला, "तुम्ही दोघं नवरा-बायको या, बक्षीस लागलं आहे." ते ऐकल्यावर गप्प राहणं मला जमेना.

जानेवारी २०१८ मध्ये मुलीच्या लग्नाचा बस्ता फाडायला अमरावतीला गेलो होतो. दुकानात कूपन भरून घेतलं: नाव, फोन, वय, नोकरी, गाडी कोणती. महिन्याभरात तसाच बक्षिसाचा फोन आला. पुढचा प्रकार असा: हॉटेलचा हॉल, चहा-नाश्ता, गोल टेबलं, कोणी सही केली की टाळ्या आणि मोठ्याने गाणं. मेंबरशिपची किंमत ३,८५,००० सांगितली आणि "फक्त आज" म्हणून २,६०,००० वर आणली. पंचवीस वर्षं, दर वर्षी सात रात्री कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. साडेतीन तास आम्हाला उठू दिलं नाही.

मला मूर्ख म्हणायच्या आधी एक ऐका. शेजारच्या टेबलावर बँकेतले एक अधिकारी होते, त्यांनीही सही केली. शिवाय माझी बायको शेगाव, माहूर आणि पंढरपूर सोडून आयुष्यात कुठे गेली नव्हती. चौतीस वर्षं माझ्या बदल्यांमागे बिऱ्हाड हलवलं, पाच एकर कपाशी-तूर सांभाळली, सासू-सासऱ्यांचं केलं. आमच्या टेबलावर मेंबरशिप विकणाऱ्या पोराने विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय पाहायचं आहे?" ती लाजत म्हणाली, "समुद्र पाहाले भेटला तर." त्याने लगेच गोव्याच्या रिसॉर्टचे फोटो काढले. ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात होते. मी हौसेने फसलो नाही, तिच्यासाठी फसलो. आणि नेमकं तिचंच मी ऐकलं नाही.

बोलता बोलता तो पोरगा एका कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने सगळं लिहीत होता. "कोणताही सीझन." "चार जणांचा नाश्ता फ्री." "ताडोबा, चिखलदरा, पचमढी, गोवा." "नको वाटलं तर तीन वर्षांनी कंपनी परत घेईल." वर्षाचा मेंटेनन्स ७,५००, त्याच्यापुढे "फिक्स" आणि खाली दोन रेघा. कार्ड मशीनमध्ये घालून ५२,००० कापले, तारीख १८ फेब्रुवारी २०१८, रविवार. मग तो कागद घडी करून खिशात टाकत म्हणाला, "सर, हा फाइलला लावतो."

बायकोने माझी बाही ओढली. हळूच म्हणाली, "अहो, तो कागद आपल्यापाशी राहू द्या म्हना ना त्याले."

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. वर म्हणालो, "अगं, अॅग्रीमेंट येणार आहे ना छापील."

सात वर्षं झाली, तो क्षण रोज आठवतो. ती सातवीपर्यंत शिकलेली. तिला कळलं की जो माणूस स्वतःच्या हाताने लिहितो आणि लिहिलेलं आपल्याला देत नाही, त्याच्या मनात खोट आहे. मला कळलं नाही, कारण मला त्या एसीच्या हॉलमध्ये खेडूत दिसायचं नव्हतं. ज्याने आश्वासन लिहिलं तो कागद, त्याच्या सहीसकट, तुमच्या हातात असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. फोटो काढू दिला नाही तर तिथूनच उठा.

करारनामा कुरियरने ७ मार्चला आला, सतरा दिवसांनी. चौदा पानं, बारीक इंग्रजी. त्यात लिहिलं होतं की रद्द करायचं असेल तर पैसे भरल्यापासून दहा दिवसांत करावं. पैसे भरल्यापासून, कागद मिळाल्यापासून नाही! म्हणजे मुदत संपून एक आठवडा झाल्यावर मला मुदत असल्याचं कळलं. पुढे लिहिलं होतं की तोंडी सांगितलेलं काहीही कंपनीवर बंधनकारक नाही, रिसॉर्टची यादी कंपनी केव्हाही बदलू शकते, मेंटेनन्स वाढवू शकते, आणि वाद झाला तर लवाद दिल्लीत. माझा सीझन होता "ब्लू". ब्लू म्हणजे सगळ्यात खालचा, पावसाळ्यातला.

कोणी शेतकरी वाचत असेल तर त्याला हे वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याला सवड असते का? डवरणी, निंदण, खत, फवारणी. एका वर्षी त्यांनी दिलेल्या तारखा ऐन पोळ्यावर आल्या. बैल सजवायचे सोडून पचमढीला जाऊ? दिवाळीत आणि मे महिन्यात विचारलं की एकच उत्तर, "अव्हेलेबल नाही सर, ब्लूमध्ये येत नाही." सीझनचा रंग विचारा. रंग सांगत नसतील तर समजून जा.

८,००० चे २६ हप्ते खात्यातून आपोआप कापले गेले, एप्रिल २०२० पर्यंत. मध्येच थांबवायला बँकेत गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, "कंपनीनेच बंद करायला पाहिजे." ते खोटं होतं. खातेदार स्वतःच्या बँकेत लेखी अर्ज देऊन कपातीचा आदेश रद्द करू शकतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. हे मला हप्ते संपल्यावर कळलं.

पहिली खेप चांगली गेली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ऑगस्ट २०१८, चिखलदरा, तीन रात्री. धुकं, भीमकुंडाचा धबधबा, स्वच्छ खोली, गरम पाणी, चौघांचा नाश्ता. देवी पॉइंटवरून खाली पाहताना बायको किती वेळ काही बोललीच नाही. तेव्हा वाटलं, पैसे वाया गेले नाहीत.

तिथून उतरण लागली. आधी ताडोबाचं रिसॉर्ट यादीतून गेलं. मग पचमढीचं राहिलं, पण "वेटिंग". मेंटेनन्स २०१९ मध्ये जीएसटीसह ८,८५०. २०२० मध्ये १०,०३०, तेही लॉकडाऊनमध्ये, सगळी रिसॉर्टं कुलूपबंद असताना. २०२१ मध्ये पुन्हा १०,०३०. न राहिलेल्या खोलीच्या देखभालीचे पैसे! २०२२ मध्ये १२,९८०. फोन केला की आधी नऊ बटणं दाबा, मग चाळीस मिनिटं गाणं, मग एक मुलगी म्हणणार, "तुमच्या रिलेशनशिप मॅनेजरशी बोला." मॅनेजरचा फोन बंद. चार वर्षांत चार मॅनेजर बदलले. माझ्या वहीत ६३ फोनची नोंद आहे, तारीख आणि वेळेसकट. सेतू केंद्रातल्या पोराकडून ईमेल पाठवले, तर तक्रार क्रमांक यायचा आणि तीन दिवसांनी निरोप, "तुमची तक्रार सोडवली आहे." काय सोडवली? कोणी?

जुलै २०२२ मध्ये कपाशीचं डवरण गड्यांवर सोडून पुन्हा त्याच चिखलदऱ्याच्या रिसॉर्टला गेलो. सोबत साळी आणि साडू होते. बायकोचे गुडघे गेलेले, म्हणून तळमजल्याची खोली महिनाभर आधी मागितली होती. दुसऱ्या मजल्यावर दिली, लिफ्ट नाही. भिंतीला ओल, गादीला कुबट वास. पोहण्याच्या तलावात हिरवं पाणी. गिझर बिघडलेला, सकाळी सात ते आठमध्ये खोलीमागे एक बादली गरम पाणी. नाश्ता माणशी २५०, चौघांचे तीन दिवसांचे ३,०००. "युटिलिटी चार्ज" रोज ९०० प्रमाणे २,७००. थंडी वाजते म्हणून हीटर मागितला तर रोज ३००, म्हणजे आणखी ९००. एकूण ६,६००. मी विचारलं, नाश्ता फ्री होता ना? काउंटरवरचा म्हणाला, "कशावर लिहिलं आहे, दाखवा."

काय दाखवू? तो कागद तर त्याच्याच कंपनीच्या खिशात होता.

बायको त्या वेळी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. ती एक शब्दही बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

मेंटेनन्सचे ४१,८९० आणि चिखलदऱ्याचं हे बिल मूळ रकमेत मिळवून सहा रात्रींनी भागलं, तर एका रात्रीचे ५१,४१५ रुपये पडतात. २०२३ ची १५,९३० ची मागणी मी भरली नाही. लगेच नोटीस आली, खातं बंद, थकबाकीवर व्याज.

याच काळात दुसरा घाव बसला, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मार्च २०२३ मध्ये फोन आला, "तुमची मेंबरशिप ३,४०,००० ला घेणारा ग्राहक आहे." त्याला माझा मेंबरशिप नंबर, जन्मतारीख, भरलेली रक्कम, सगळं माहीत होतं. त्यामुळे तो कंपनीचाच वाटला. ट्रान्सफर फी १०,००० अधिक जीएसटी, ११,८०० यूपीआयने पाठवा. पाठवले. दुसऱ्या दिवशी "एनओसी"चे २३,६०० मागितले, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. पण मी लाजेने चार दिवस कोणाला सांगितलंच नाही. हे करू नका. पैसे गेल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते, चार दिवसांनी ती फार कमी उरते. आणि ज्याला वस्तू विकायची आहे त्याच्याकडूनच आधी पैसे मागणारा माणूस खरेदीदार नसतो, मग तो कितीही गोड बोलो.

माझी माहिती त्यांच्याकडे गेली कुठून? हा प्रश्न मी पोलिसांना विचारला. तालुक्याच्या ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, "गुरुजी, सही तुमचीच हाय ना? मंग फसवनूक कशी?" यूपीआयचं सांगितलं तर म्हणाले सायबरला जा, जिल्ह्याला. सायबरवाल्यांनी अर्ज घेतला, पोच दिली नाही. मेंबरशिपचं अमरावतीत घडलं म्हणून तिथे जा, असंही म्हणाले. अमरावतीत गेलो तर म्हणाले, तुम्ही राहता यवतमाळ जिल्ह्यात, तिकडे जा, आणि हा तर दिवाणी मामला आहे. चार चकरा, एसटीने, दुखऱ्या कमरेने. माणूस चोरीला गेला असता तरी हद्दच मोजत बसले असते का हे लोक? गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहूनच ठेवलं आहे. तोंडी भांडू नका, कलम लिहून अर्ज द्या. मी तोंडी भांडलो आणि रिकाम्या हाताने परत आलो.

"दिल्लीतच लवाद" हे वाचून मी वर्षभर घाबरून बसलो होतो. तुम्ही घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं आहे. कंपनीला मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. फक्त दोन वर्षांची मुदत आहे, ती धरून ठेवा. उशीर झाला तर कारण पटवावं लागतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ते न्यायालय नाही, तक्रार कंपनीकडे पाठवतात, पण तुम्ही गप्प बसला नव्हता याचा तो पुरावा होतो.

मी जुलै २०२२ चं बिल धरून मार्च २०२४ मध्ये तक्रार दाखल केली. कायद्यात लिहिलं आहे की समोरच्याने तीस दिवसांत जबाब द्यावा, फार तर आणखी पंधरा. आणि जिथे वस्तूची तपासणी लागत नाही तिथे नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा. माझ्या प्रकरणात तीन महिने केव्हाच उलटले. एकदा कंपनीचा वकील आला नाही. एकदा वकीलपत्र नव्हतं. एकदा मी पहाटेची एसटी पकडून गेलो तर बोर्डावर पुढची तारीख लावून ठेवलेली. फोन करून सांगता आलं नसतं का? एकोणसत्तर वर्षांचा माणूस, शेताचा दिवस मोडून येतो. त्यांना कागद सरकवायचा असतो फक्त. हा कायदा ग्राहकासाठी केला असेल तर ग्राहकाला बाकावर बसवून थकवण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

तरी मी थकणार नाही. नवरा-बायको दोघांनाच बोलावणारं बक्षीस कधीही घ्यायला जाऊ नका, एवढं माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करून सांगतो आहे.

मागच्या तारखेला विचारलं गेलं, त्या आश्वासनांचा पुरावा काय? कागद नाही, साक्षीदार आहे. मी घरी येऊन बायकोला ते सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, "मले यावं लागंल का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "येतो ना. त्याच्या पेनाची शाई निळी होती, हे बी सांगतो." तिच्या साक्षीचं शपथपत्र आता तयार होत आहे. पुढच्या तारखेला आम्ही दोघं जाणार आहोत.