नागपुरातली पोकलेन-ब्रेकर भाडेसेवा: जुना बंधारा काढायला कितपत कामाची?

५ पैकी ३.

गाळानं भरलेला, कुणीच वापरत नसलेला बंधारा काढून नदी मोकळी करायची तर नागपुरात यंत्रांची वानवा नाही. दगड-चुन्याची मीटरभर भिंत जेसीबीचा छोटा ब्रेकरही (दगड फोडणारा यांत्रिक हातोडा) फोडतो; काँक्रीटला २० टनी पोकलेनच हवं. फोडण्यात ही सेवा चोख आहे. गुण कापले ते तासाच्या भाड्यासाठी. तासावर चालणारं यंत्र थांबायला तयार नसतं, आणि या कामात थांबणंच महत्त्वाचं.

म्हणून भाड्याचा दर तासावर नको, कामाच्या टप्प्यावर ठरवा. मधोमध ३० ते ५० सेंटीमीटरची खाच पाडायची, पाणी उतरून काठ निथळले की पुढची. एका दिवसात तळ गाठला तर ओले काठ ढासळतात, डोहातले मासे चिखलात रुततात आणि गाळाचा लोंढा खालच्या रपट्याच्या (ठेंगण्या पुलाच्या) नळ्यांत जाऊन बसतो. अमेरिकेत एल्वा नदीवरचं ६४ मीटर उंचीचं ग्लाइन्स कॅनियन धरण २०११ ते २०१४ असं हळूहळू उतरवलं, माशांच्या हंगामात काम बंद ठेवून.

गाळ मोजून कुणी देत नाही, ते आपणच करायचं. दर १० मीटरवर सळई कडक थर लागेपर्यंत खुपसा. १०० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल म्हणजे १,४४० घनमीटर, सुमारे ५०९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). बारीक काळा गाळ शेताला चालतो. मात्र वरून शहराचं सांडपाणी येत असेल तर आधी जड धातूंची तपासणी हवीच. रेती-गोटे नदीचे, कितीतरी मासे अंडी त्यातच घालतात. परतीच्या टिप्परमध्ये रेती भरायची नाही, हे करारात लिहूनच घ्या.

यंत्र उभं करतानाही लक्ष हवं. साधा ब्रेकर छिन्नीच्या टोकापलीकडे पाण्यात बुडाला की आत पाणी ओढतो आणि पिस्टन खराब होतो. आधी पाणी वळवा. पंधरा-वीस सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदलायला सांगा, नाहीतर छिन्नी तापून बोथट होते.

बंधारा गेला की वरच्या अंगाचं पात्र खोल होत जातं. जवळ पूल, जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) किंवा पाइपलाइन असेल तर मोठ्या दगडांचा उतार आधीच रचून ठेवा. बंधारा ज्या खात्याचा, त्याची लेखी परवानगी अर्थातच लागते. काम मार्च ते मे. जूनच्या मध्याला पाऊस येतो, म्हणून ३१ मेला यंत्र पात्राबाहेर हवं.

सगळ्यात जास्त चालढकल पायात होते. तळाखाली निदान अर्धा मीटर पाया निघालाच पाहिजे. राहिलेला ठोकळा पुरात उघडा पडतो, त्याच्या पुढ्यात खड्डा होतो आणि चढणीच्या माशांपुढे पुन्हा तीच पायरी उभी राहते. शेवटचा हप्ता टेप लावून खोली मोजल्यावरच द्या.