सिडकोतलं सरकारी लसीकरण केंद्र: नातीला मी तिथेच का नेते

मुलगा आणि सूनबाई दोघंही नाशिकच्या अंबडला कंपनीत, त्यामुळे नातीच्या लसी, सर्दी-ताप, पोटाच्या तक्रारी सगळं माझ्याकडे. शेजारच्या सुना विचारतात, "काकू, परवडत असताना सरकारीत का नेता?" जिन्यात उभं राहून त्यांना अर्धवट सांगते, ते इथे नीट लिहिते.

केंद्र साधं आहे. लसीकरणाच्या दिवशी गर्दी असते, बाकं अपुरी पडतात आणि पावसात रांगेचं शेपूट बाहेर भिजतं. ओल्या बाळंतिणींना तरी आत बसायची सोय हवी, हे मी तिथल्या वहीत लिहून आले आहे. पण लस देण्याचं काम तिथे ज्या पद्धतीनं होतं, त्याबद्दल माझी एकही तक्रार नाही.

सिस्टर बर्फाच्या पेटीतून बाटली काढतात आणि आधी तिच्यावरची खूण बघतात. एका गोलात छोटा चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. उष्णता लागून तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला, की ती लस वापरायची नाही. मी विचारलं तेव्हा न कंटाळता त्यांनी ती खूण मला दाखवली. गोवर-रुबेलाची लस पाणी मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून देतात, म्हणून उघडल्याची वेळ बाटलीवर पेनानं लिहिलेली असते. सिरिंज प्रत्येक बाळाला नवी, आणि तीही एकदा दाबली की परत भरताच येत नाही अशी.

टोचून झाल्यावर, कितीही गर्दी असो, चार गोष्टी सांगतात: कोणती लस दिली, त्रास काय होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कधी, आणि कार्ड जपून दर वेळी आणायचं. मग अर्धा तास बसवून ठेवतात. घाईतली माणसं कुरकुरतात. मला तो अर्धा तास फार मोलाचा वाटतो. क्वचित एखाद्या बाळाला तीव्र ॲलर्जी झालीच, तर ती बहुधा याच वेळात दिसते आणि उपचार करणारं माणूस समोर असतं.

आता लसींचं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि जुलाबाची रोटाव्हायरस लस असते. एका पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) अशा पाचांवरची लस येते. न्यूमोनियाची पीसीव्ही दीड आणि साडेतीन महिन्यांना, बूस्टर नवव्या महिन्यात. बाहेर हीच पीसीव्ही घ्यायला दर डोसला काही हजार मोजावे लागतात. इथे एक पैसा नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला आणि जीवनसत्त्व अ सुद्धा मिळतं. खासगीत डांग्या खोकल्याची जी लस मिळते तिनं ताप कमी येतो, हे खरं आहे. आमच्या पिल्लाला पेंटाच्या रात्री ताप यायचा, मांडी लाल व्हायची. वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल दिलं, अंगावर पाजणं चालू ठेवलं, एक-दोन दिवसांत खेळायला लागायची.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, त्याच सुमारास तिला जुलाब लागले. तेव्हा ती वर्षाची झाली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं गोड पाण्याचा फळांच्या चवीचा डबा पुढे केला आणि "हेच ओआरएस" म्हणाला. मी घेतला नाही. केंद्रातून ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या फुकट मिळतात. सिस्टरनी समजावलं की मीठ आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात असले तरच आतडं पाणी शोषून घेतं, साखर जास्त झाली तर उलट जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, ते फार बरं झालं.

पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची, अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असले प्रयोग नकोत. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. चमच्या-चमच्यानं पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. झिंक सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस! इथेच घरोघरी गोळ्या अर्ध्यावर सुटतात. आशाताई (आशा सेविका) मध्येच येऊन आमची गोळ्यांची पट्टी बघून गेल्या, याचं मला विशेष वाटलं. आणि बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, पिईनासं झालं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर घरी थांबायचंच नाही.

अँटिबायोटिक कोणी दिलं नाही, कारण साध्या पाण्यासारख्या जुलाबाला त्याची गरज नसते. सर्दी-खोकल्यालाही तिथे उगाच सिरप देत नाहीत. त्याऐवजी सिस्टरनी मला श्वास मोजायला शिकवलं: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर न्यूमोनियाची शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठायचा. घड्याळ घेऊन हे कुठलीही आजी करू शकते.

सगळंच तिथे मिळत नाही. फ्लू, कांजिण्या, टायफॉइड आणि कावीळ अ यांच्या लसी तिथल्या वेळापत्रकात नाहीत. टायफॉइडची आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे घेतली, फ्लूची पुढच्या पावसाळ्याआधी घेणार आहोत. त्यांच्याकडेही तेच कार्ड नेते, नोंदी एकाच जागी राहाव्यात म्हणून. सोळा महिन्यांचे डोस मात्र केंद्रातच: गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टर. तारीख कार्डावर लिहिली आहे, आणि त्या दिवशी सूनबाईही रजा काढून बरोबर येणार आहे.