शुभंकरांच्या गटात आठ महिने

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान होऊन अकरा वर्षं झाली. गेले आठ महिने मी पुण्यातल्या एका स्वमदत गटात जातेय. महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास, फी नाही.

तिथे पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. सांभाळणारे ते शुभंकर. सुरुवातीला हे शब्द मला उगाच गोड वाटले. पण भाऊ पाचव्या बैठकीला पहिल्यांदा आला, तेव्हा दाराशीच कुणीतरी विचारलं, "तुम्ही शुभार्थी की शुभंकर?" त्याच्याकडे बघून हे कळत नव्हतं! तो किती दिवसांनी हसला.

शुभार्थी आणि शुभंकर एकाच गोलात बसतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आम्ही चार वर्षं त्याच्या गोळ्या कुटून वरणात घालत होतो. तिसऱ्या बैठकीत मी ते सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. समोरचे पन्नाशीचे एक शुभार्थी म्हणाले, "माझ्या घरी चहात घालायचे. मला आवाज सांगायचे, तुझ्या खाण्यात काहीतरी घालतात. आणि एक दिवस ते खरंच निघालं." मी सुन्न झाले. माझा भाऊ बाहेरचा वडापाव खायचा पण घरचं ताट सरकवायचा, ते का, हे मला एका परक्या माणसाकडून कळलं.

डॉक्टरांशी बोलून आम्ही ते थांबवलं आणि त्याला खरं सांगितलं. पुढचे दोन महिने फार कठीण गेले. तो आईशी बोलत नव्हता. आता डबीतल्या गोळ्या स्वतः घेतो; कधी चुकतात.

कागदपत्रांचीही मदत झाली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 अपंगत्वांमध्ये मानसिक आजार येतो, किमान 40 टक्के अपंगत्व असेल तर बऱ्याच सवलती मिळतात, हे मला ठाऊकच नव्हतं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज कसा भरायचा, जुन्या फायली कशा लावायच्या, हे एका काकांनी शेजारी बसून दाखवलं.

खटकलेलंही सांगते. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या आया जिना चढताना बघवत नाही. एकदा एकजण औषधं सोडून काढा घ्या म्हणून बराच वेळ बोलत राहिले, त्यांना फार उशिरा थांबवलं. हे मी संयोजकांना स्पष्ट सांगितलंय. आणि रात्री दोन वाजता काही झालं तर गट उपयोगाचा नाही; तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावायचा, तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. जिवाला धोका वाटला तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मागच्या महिन्यात 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या नामनिर्देशित प्रतिनिधीबद्दल माहिती दिली. आपण आजारी पडलो तर उपचारांच्या निर्णयात कुणी मदत करायची, हे साध्या कागदावर लिहून सही करता येते. भावाने घरी येऊन लगेच लिहिलं. माझं नाव नाही, मामेभावाचं. मला रडूच आलं. पुढच्या शनिवारी गोलात त्याच्यासमोरच मी ते बोलले. तो म्हणाला, "ताई, तू घाबरतेस. दादा घाबरत नाही." मग त्याने माझी पाण्याची बाटली उचलून माझ्या हातात दिली.