गोल्फसाठी गॉगल: गडद पोलराइज्ड की साधा तपकिरी?

माझ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात सध्या दोन गॉगल आहेत. एक करडा, पोलराइज्ड, चांगलाच गडद आणि महागाचा. दुसरा तपकिरी, पोलराइज्ड नसलेला, पहिल्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा. कोर्सवर जाईपर्यंत, म्हणजे गाडी चालवताना, पहिला डोळ्यावर असतो. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलो की दुसरा.

करडा घेतला त्या आठवड्यातली गोष्ट. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बारा-तेरा फुटांचा पट होता, चेंडू भोकाकडे घरंगळवत नेणारा फटका. बॅग वाहणारा कॅडी म्हणाला, "साहेब, ग्रेन उलटा आहे, जोरात मारा." मला ग्रेन, म्हणजे गवताची पाती झुकण्याची दिशा, कुठे दिसेना. सगळी ग्रीन एकसारखी, गालिचा अंथरल्यासारखी. आपल्या मनाने मारला आणि चेंडू भोकाच्या हातभर अलीकडे थांबला. मग गॉगल कपाळावर चढवून पाहिलं, तर तीच ग्रीन एका बाजूला चकाकत होती आणि माझ्या बाजूने काळपट होती. कॅडी काही बोलला नाही, झेंडा धरून उभा राहिला.

यात गॉगल खराब होता असं नाही, तो आपलं काम चोख करत होता. पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून उसळून येणारी तिरीप अडवणं हेच पोलराइज्ड लेन्सचं काम. पण आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर ग्रेन ओळखायचा तो त्या चकाकीवरूनच. पाती आपल्यापासून लांब झुकलेली असली की गवत चमकतं, आपल्याकडे झुकलेली असली की गडद दिसतं. गॉगलने ती चमक पुसली की खूणही गेली. उतार पायाने जोखणारे काही जण पोलराइज्ड घालून मजेत खेळतात, पण मी त्यांच्यातला नाही. शिवाय अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचा किंवा मोबाइलचा स्क्रीन या लेन्समधून विशिष्ट कोनात काळा पडतो, आणि अंतर बघताना मान वाकडी करावी लागते.

पाणी जवळ असेल तर मात्र पारडं फिरतं. कुलाब्याच्या यूएस क्लबसारख्या समुद्राला लागून असलेल्या कोर्सवर दुपारी खेळायचं असेल, किंवा हाच गॉगल गाडी चालवायला आणि मासेमारीलाही वापरायचा असेल, तर पोलराइज्ड घ्या आणि पट करताना डोक्यावर चढवा.

रंगाचं उत्तर मला सोपं वाटतं. करड्या लेन्समधून रंग जसेच्या तसे दिसतात, फक्त उजेड कमी होतो. तपकिरी किंवा तांबूस लेन्स निळा प्रकाश जास्त गाळते, त्यामुळे धुरकट हवेतही फेअरवेचं कापलेलं गवत आणि रफचं वाढलेलं गवत यांच्यातला फरक, वाळूच्या बंकरची कड, गवतातला पांढरा चेंडू हे सगळं थोडं उठून दिसतं. ओकली कंपनीची प्रिझम गोल्फ लेन्स याच कल्पनेची पुढची पायरी आहे, ठरावीक रंग निवडून उठावदार करणारी. फरक खरा आहे, पण त्यासाठी पाच आकडी रक्कम मोजायची का, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला मी डेकॅथलॉनच्या रॅकवरचा तपकिरी गॉगलच सुचवेन.

गडदपणाचा मात्र आकडा बघा. 0 ते 4 अशा श्रेणी असतात आणि तो आकडा बहुधा काडीच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. श्रेणी 2 मधून 18 ते 43 टक्के प्रकाश आत येतो, श्रेणी 3 मधून 8 ते 18 टक्के. सकाळी सहा-साडेसहाला टी-ऑफ करून दहाच्या सुमारास घरी जाणाऱ्याला 2 पुरते. एप्रिलमध्ये अकरा वाजता पुण्यात खेळणार असाल तर 3. त्याहून गडद नको. झाडाखालच्या रफमध्ये चेंडू सापडत नाही, आणि श्रेणी 4 घालून गाडी चालवणं तर धोक्याचंच.

गडद म्हणजे सुरक्षित, हा समज मात्र मोडून काढायला हवा. अतिनील किरण अडवण्याचा रंगाशी संबंध नाही. रस्त्यावरच्या स्वस्त काळ्या गॉगलमध्ये ते संरक्षण नसेल तर उलटा तोटा होतो, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. यूव्ही 400 असं लिहिलेलं बघा. शंका आली तर चष्म्याच्या दुकानात मीटरवर तपासून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते यंत्र असतं. चार-चार तास उन्हात आणि धुळीत वर्षानुवर्षं काढणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढण्याचं एक कारण हे ऊनच असतं.

लेन्स पॉलिकार्बोनेटचीच घ्या. खरी काच ओरखड्यांना दाद देत नाही, पण फुटली तर तुकडे डोळ्यात जाणार. चेंडू 42.67 मिलिमीटरचा, जवळपास डोळ्याच्या खोबणीच्या मापाचा. 2018 च्या रायडर कप या गोल्फ स्पर्धेत पॅरिसजवळ अमेरिकन खेळाडू ब्रूक्स केप्काच्या फटक्याने एका प्रेक्षक बाईंचा डोळा गेला. साधा गॉगल असा थेट बसलेला चेंडू थोपवेल या भरवशावर राहू नका, "फोर!" असा इशारा ऐकू आला की डोकं झाकायचंच. पण झाडावर आपटून उडालेली काटकी किंवा बंकरमधली वाळू तो नक्की अडवतो.

नंबरचा चष्मा असलेल्यांचं गणित वेगळं आहे, आणि आपल्या क्लबांमध्ये तेच जास्त दिसतात. उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक लेन्स सोयीची वाटते, पण कडक उष्म्यात ती थंडीत होते तेवढी काळी होत नाही, आणि बंद गाडीत तर जवळपास नाहीच, कारण समोरची काच अतिनील किरण आधीच अडवते. म्हणजे नेमकी मे महिन्यात ती कमी पडते. लांबचा आणि वाचनाचा नंबर एकाच काचेत असलेली प्रोग्रेसिव्ह लेन्स त्याहून त्रासदायक. चेंडूवर उभं राहून खाली बघितलं की नजर वाचनाच्या भागातून जाते, चेंडू धूसर होतो, मग माणूस हनुवटी छातीला टेकवतो आणि खांदा अडकतो. त्यापेक्षा फक्त लांबच्या नंबरचा तपकिरी गॉगल करून घ्या. स्कोअरकार्ड वाचायचंच असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या लेन्सच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात वाचनाची छोटी टिकली बसवून देतात, चेंडूकडे बघताना ती मध्ये येत नाही. नंबर मोठा असेल तर गालाला लपेटणारी वक्र फ्रेम टाळा, कडेला सगळं वाकडं दिसतं.

फ्रेम शक्यतो खालची कड नसलेली, नाकावर रबर असलेली घ्या. दुकानात आरशात बघून ठरवू नका. दाराबाहेर उन्हात जा, हातात क्लब आहे असं समजून वाका आणि बुटाच्या पुढे टाइलवरची रेघ बघा. फ्रेमची कड मध्ये आली किंवा घामट नाकावरून गॉगल घसरला, तर तो परत ठेवा आणि दुसरा मागा.